साठ कुटुंबांची सहकारी वस्ती मुंबईत उभी करायची तर : हिशेब, कायदा आणि कुठे फसतं

खतावणी

स्वयंपूर्ण वस्ती म्हटलं की माळरान, विहीर, गोठा, चार एकर शेती असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मुंबईत ते बाजूला ठेवावं लागतं. परळची चाळ घ्या नाहीतर मुलुंडची सात मजली इमारत, कुंपणाच्या आत धान्य पिकणार नाही आणि वर्षभराचं पाणीही साठणार नाही. तरीही बाजार, बिल्डर आणि सावकार यांच्यावरचं अवलंबन बरंच कमी करता येतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी या धाग्यावर खरे आकडे मांडूया.

पायाभूत हिशेब असा धरू : ६० कुटुंबं, प्रत्येकी ४ माणसं, म्हणजे २४० जण. गच्ची ४०० चौरस मीटर. माणशी रोज १३५ लिटर पाणी, म्हणजे ३२,४०० लिटर. ओला कचरा कुटुंबामागे ६०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६ किलो. किराणा कुटुंबामागे महिन्याला ४,००० रुपये, म्हणजे २ लाख ४० हजार.

माझ्या मते सुरुवात किराण्यापासून करावी. सौर पॅनेल दिसायला आकर्षक असतात, पण ते एकदा बसवले की लोकांनी एकत्र येण्याचं कारण उरत नाही. धान्याची वाटणी दर महिन्याला करावी लागते, आणि सहकाराची सवय तिथेच लागते. मुंबईला याची परंपराही आहे. अपना बाजार १९४८ चा, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. ग्राहक पंचायतीची पद्धत तर आजही अभ्यासावी अशी : दुकान नाही, शेजारच्या कुटुंबांचा गट, आगाऊ मागणी आणि महिन्यातून एकदा वाटप.

गोणपाट

किराण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गट पहिल्या सहा महिन्यांत इथेच मोडतात.

६० कुटुंबांची महिन्याची मागणी साधारण अशी निघते : तांदूळ ४८० किलो, गहू ६०० किलो, तूरडाळ १२० किलो, साखर १८० किलो, तेल २४० लिटर. बाकी कडधान्यं, पोहे, रवा, शेंगदाणे वेगळे. पाच मुख्य जिनसांचंच वजन १,६०० किलोच्या घरात जातं. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) पाऊण टन माल बसतो, तेव्हा तीन खेपा किंवा मोठा पिकअप ठरवावा लागतो. हे आधी लक्षात आलं नाही तर जादा खेपांचं भाडं कोणाच्या तरी खिशातून जातं आणि तो माणूस पुढच्या महिन्यात येत नाही.

क्रम असा ठेवा. २५ तारखेला मागणीपत्रकं घरोघर. १ तारखेपर्यंत पत्रकं परत. ५ तारखेपर्यंत पूर्ण पैसे बँकेत जमा. पैसे आले नाहीत तर ती मागणी रद्द, मग ती अध्यक्षांची का असेना. ६ ते १० खरेदी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी वाटप, आणि माल त्याच दिवशी संपवायचा. असं केलं तर गोदाम लागत नाही, उंदीर-घुशींचा प्रश्न येत नाही आणि खेळतं भांडवलही जवळजवळ लागत नाही. उधारी सुरू झाली की ही तिन्ही सुखं जातात.

आता घट. पन्नास किलोची तागाची गोणी बारदानासकट तोलली तर अर्ध्या किलोच्या आसपास बारदानच असतं. वीस गोण्यांत दहा किलो माल कागदावर येतो, हातात येत नाही. व्यापाऱ्याशी बोलताना निव्वळ वजन ठरवून घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. दुसरी घट वाटपात होते. दोन किलोच्या पिशवीत मापट्याने तांदूळ ओतताना काटा २.०२० वर थांबतो आणि "राहू दे" म्हणून पिशवी बांधली जाते. गोणीतून २५ पिशव्या निघायच्या, प्रत्येकीत वीस ग्रॅम जास्त, म्हणजे अर्धा किलो गेला. एक टक्का! २ लाख ४० हजारांवर ते २,४०० रुपये होतात. म्हणून काट्याजवळ दोन जण हवेत. एक ओतणारा आणि एक चमच्याने काढणारा-घालणारा. काटा दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा.

माल घेताना प्रत्येक गोणीत नमुना काढायची लोखंडी नळी खुपसा, फक्त वरच्या थरावर विश्वास ठेवू नका. तांदळाचा दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर ओल जास्त आहे, आणि पावसाळ्यात अशा तांदळाला महिन्याभरात टोके लागतात. तांदूळ नवा की जुना हे मागणीपत्रकावर वेगळ्या रकान्यात विचारा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि पाणी कमी लागतं. ज्यांना हे माहीत नसतं ते "या वेळी माल खराब आला" म्हणून गट सोडतात. तूरडाळीत लाखेच्या डाळीची भेसळ होते. लाखेचा दाणा कोनाकोनांचा, पाचरीसारखा असतो, तुरीचा गोलसर.

तेलाबद्दल सावध करतो. पंधरा लिटरचा डबा फोडून तेल सुटं वाटू नका. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला बंदी आहे. एक लिटरच्या पिशव्यांचे खोके किंवा पाच लिटरचे कॅन मागवा.

तिन्हीसांज

सुंदर धागा. एक शंका : यासाठी वेगळी संस्था कशाला? गृहनिर्माण सोसायटी आहेच, तिचं बँक खातं आहे, कमिटी आहे. किंवा नुसता व्हॉट्सॲप गट पुरणार नाही का?

उपविधी

@तिन्हीसांज, पहिले तीन-चार महिने व्हॉट्सॲप गट पुरतो. त्यानंतर अडीच लाख रुपये दरमहा एका माणसाच्या बचत खात्यातून फिरू लागतात आणि प्रश्न सुरू होतात. प्राप्तिकराच्या नजरेत तो पैसा त्या माणसाचा दिसतो. तो आजारी पडला, गावी गेला तर सगळ्यांचं धान्य अडकतं.

गृहनिर्माण संस्थेच्या खात्यातून हे करू नये. तिचे उद्देश उपविधींत (संस्थेच्या नियमावलीत) ठरलेले आहेत आणि तिचे निधी ठरावीक कामांसाठी बांधलेले आहेत. उदाहरणार्थ, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. त्यात किराण्याचा पैसा मिसळला की लेखापरीक्षक हमखास आक्षेप घेतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. भाड्याने राहणारं कुटुंब, इमारतीचा वॉचमन, घरकामाला येणाऱ्या बाया यांना गृहनिर्माण संस्थेत मत नसतं. वेगळी ग्राहक सहकारी संस्था काढली तर हे सगळे बरोबरीचे सभासद होऊ शकतात. मालकीच्या फ्लॅटवर उभा असलेला सहकार मुंबईतल्या मोठ्या वर्गाला बाहेर ठेवतो. पर्याय उभा करायचा तर ते दार आधी उघडलं पाहिजे.

नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली होते. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. प्रवर्तकांची, म्हणजे संस्था काढणाऱ्यांची, सभा घ्या, मुख्य प्रवर्तक निवडा, नाव राखून घ्या, भागभांडवल भरायला बँकेत तात्पुरतं खातं काढा. मग योजना अहवाल आणि उपविधींसह प्रस्ताव आपल्या वॉर्डच्या उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधक कार्यालयात द्या. निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा. पुढे दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. अन्न विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीही हवी.

कायद्यातल्या तीन गोष्टी लोकांना पहिल्याच सभेत वाचून दाखवा : एक सभासद एक मत, मग शेअर कितीही असोत. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत. लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही.

योजना अहवालात बहुतेक जण "सभासदांना स्वस्त माल" एवढंच लिहितात आणि प्रस्ताव परत येतो. मागणीचे आकडे, वाहतूक, मार्जिन, पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक लिहा. @गोणपाट यांनी वर जे दिलंय तेच नीट मांडलं तरी अहवाल होतो.

गोणपाट

मार्जिनचं राहिलं होतं. खरेदीभावावर ५ टक्के ठेवले तर २ लाख ४० हजारांवर १२,००० रुपये मिळतात. टेम्पो ३,०००, हमाली १,०००, पिशव्या-दोरा-छपाई १,५००, घट २,४००. झाले ७,९००. उरले ४,१००, त्यात अर्धवेळ हिशेब लिहिणारी व्यक्ती. म्हणजे ५ टक्के जेमतेम आहेत. पहिल्या वर्षी ७ टक्के ठेवा आणि वर्षअखेरीस उरलेलं खरेदीच्या प्रमाणात परत करा. आधी ३ टक्के ठेवून नंतर वाढवायला गेलात तर सभेत भांडणं होतात.

एक करही लक्षात घ्या. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्याच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गोणीवर नाही. गोणी आणून वाटण्याचा हा सरळ फायदा.

आणि बेगमी विसरू नका. गहू चैत्र-वैशाखात, तूर पौष-माघात स्वस्त आणि कोरडी मिळते. वर्षाची तूरडाळ एरंडेल लावून हवाबंद कोठीत राहते. गट म्हणून महिन्याचा किराणा आणि वर्षाची बेगमी हे दोन वेगळे हिशेब ठेवा, एका वहीत घालू नका.

पागोळी

पाण्याकडे वळते. सोसायट्यांमध्ये पावसाच्या पाण्याबद्दल फार गोड बोललं जातं. आकडा पाहा. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस. ४०० चौरस मीटर गच्ची, ८० टक्के पाणी हाती लागलं असं धरू. ४०० गुणिले २.२ गुणिले ०.८, म्हणजे ७०४ घनमीटर, सात लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. ३२,४०० लिटर रोजच्या हिशेबाने बावीस दिवसांत संपतं. म्हणजे तानसा, भातसा, वैतरणा यांच्यावाचून मुंबईतली कुठलीही इमारत जगत नाही, आणि त्या धरणांच्या काठच्या गावांचं आपण देणं लागतो याचं भान असलं पाहिजे.

मग करायचं काय? वर्षभर साठवायच्या मागे लागू नका. पाऊस पडतो तेव्हाच तो वापरा. माणशी १३५ लिटरांपैकी ४५ लिटर फ्लशला जातात. २४० माणसांचे १०,८०० लिटर. जून ते सप्टेंबर गच्चीवरून रोज सरासरी साडेपाच हजार लिटरच्या आसपास मिळतात, म्हणजे पावसाळ्यात निम्मी फ्लशची गरज भागते. त्यासाठी १५ हजार लिटरची टाकी पुरे. लाख लिटरची भूमिगत टाकी खोदायला गेलात तर पैसेही जातात आणि पायाजवळ खोदकाम होतं, जुन्या इमारतीत ते धोक्याचं.

जोडणी अशी : गच्चीच्या तोटीवर जाळी, खाली पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचा व्हॉल्व्ह. दीड मिलिमीटर पाऊस वाया घालवायचा, ४०० चौरस मीटरवर ते ६०० लिटर होतात. कबुतरांची विष्ठा आणि धूळ त्यात निघून जाते. मग वाळू-खडीची गाळणी, मग टाकी, तिथून फ्लशच्या वेगळ्या टाकीत पंप. फ्लशची वाहिनी पूर्ण वेगळी हवी, वेगळ्या रंगाची. पिण्याच्या टाकीशी तिचा जोड कुठेही येता कामा नये, "तात्पुरता" व्हॉल्व्हसुद्धा नको. कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ अशाच जोडांतून येते.

बोअरवेल पुनर्भरण जागा बघून ठरवा. भराव टाकलेल्या भागात पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेलं असतं, खड्डा भरून राहतो आणि डास होतात. समुद्राजवळ जास्त उपसा केला की पाणी मचूळ होतं. महिन्यातून एकदा क्षार मोजायच्या मीटरने तपासून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा.

पालापाचोळा

ओल्या कचऱ्याचं सांगतो. रोज ३६ किलो म्हणजे साधारण ६५ लिटर आकारमान. त्यात तेवढाच सुका पाला घालायचा, झाले १३० लिटर. एक मीटर लांब-रुंद-उंच असा विटांचा किंवा जाळीचा हौद, ढीग दबत जातो हे धरून, दहा दिवसांत भरतो. कुजायला ४० ते ४५ दिवस. म्हणून पाच हौद आणि एक मोकळा, एकूण सहा. जागा साधारण दोन गाड्यांच्या पार्किंगइतकी. महिन्याला हजारभर किलो ओल्या कचऱ्यातून दीडशे ते दोनशे किलो खत निघतं.

तळ सिमेंटचा आणि उताराचा, कडेला पाणी निचरायची पन्हळ. चारही बाजूंना आणि झाकणाला १२ मिलिमीटरची जाळी. त्याहून मोठी घेतली तर घुशींची पिल्लं आत जातात.

ओल किती हवी ते हाताला विचारा. ढिगातून मूठभर काढून घट्ट आवळा. बोटांच्या फटीत एखाद-दोन थेंब दिसले की बरोबर. धार लागली तर पाला घाला, मूठ उघडल्यावर गोळा लगेच भुगा झाला तर पाणी शिंपडा. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिली पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि बिया मरतात. लोखंडी सळई मध्यभागी पाच मिनिटं खुपसून बाहेर काढा, टोक हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे.

वास येतो तेव्हा लोक थेट प्रकल्पच बंद करतात. वास ओळखायला शिका. नाकात झोंबणारा असेल तर हिरवं-ओलं जास्त झालंय, पाला कमी पडलाय. सडक्या अंड्याचा असेल तर आत हवा नाही, ढीग उलटा. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, रोग पसरवत नाहीत. नारळाची करवंटी, मोठी हाडं, आंब्याच्या कोयी बाहेर ठेवा. निर्माल्यातला दोरा, जर आणि प्लास्टिकची फुलं हाताने काढावीच लागतात.

सगळ्यात मोठी चूक पाल्याची. फाल्गुन-चैत्रात पिंपळ, बदाम, पर्जन्यवृक्षाचा पाला ढिगाने पडतो आणि उचलून नेला जातो. आषाढात, जेव्हा कचरा सगळ्यात ओला असतो, तेव्हा मूठभर पाला मिळत नाही. चार महिन्यांना ७,८०० लिटर सैल पाला लागतो. दळून किंवा तुडवून तो तिसरा हिस्सा होतो, साधारण ३० मोठ्या गोण्या. फेब्रुवारीपासून भरून ताडपत्रीखाली ठेवा. नसेल तर लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा विकत घ्यावा लागतो आणि खत महाग पडतं.

काम कोण करणार तेही लिहितो, कारण ते बहुतेक आराखड्यांत नसतं. रोजचे दोन तास लागतात. ते कचरावेचक महिलांच्या गटाला करारावर, महिना ठरवून द्या. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमात अशा महिलांना खतनिर्मिती आणि बायोगॅस चालवण्याचं प्रशिक्षण दिलेलं आहे. पुण्यात 'स्वच्छ' ही संस्था तर पूर्णपणे कचरावेचकांच्याच मालकीची आहे. हातमोजे, गमबूट, हात धुवायला नळ आणि साबण हे करारातच लिहा. आपल्या घाणीचा पर्याय शोधताना दुसऱ्याच्या हाताला जखम होता कामा नये.

तिन्हीसांज

@पालापाचोळा, बायोगॅस का नको? भाभा अणुसंशोधन केंद्राचं ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं निसर्गऋण तंत्र आहे ना?

पालापाचोळा

तंत्र चांगलं आहे, प्रश्न आकाराचा आहे. १०० किलो स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून अंदाजे ८ ते १० घनमीटर गॅस येतो, म्हणजे साधारण ४ किलो एलपीजी. आपल्या ३६ किलोंतून दीड किलो. एवढ्यासाठी यंत्रणा, पंप, रोजचा चालक परवडत नाही. चार-पाच इमारतींनी मिळून, आणि जवळ सामूहिक स्वयंपाकघर असेल तरच. गॅस पाइपने घराघरांत नेऊ नका, एकाच चुलीवर वापरा. आणि लिंबाची सालं एकदम टाकली की आम्लता वाढून गॅस बंद पडतो. मग चुनखडी घालून दुरुस्त करत बसावं लागतं.

गच्चीमाप

गच्चीवर सगळे हक्क सांगतात, म्हणून वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही मांडतो.

वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला १५० किलोंचा भार धरतात. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो. म्हणजे नुसता दहा सेंटिमीटर मातीचा थर १६० ते १८० किलो, माणसं उभी राहायच्या आधीच मर्यादा ओलांडली. गच्चीवर माती नेऊ नका. पालापाचोळा, खत आणि नारळाचा भुसा यांचं मिश्रण वापरा, वाफे तुळयांच्या रेषेवर ठेवा, मधल्या स्लॅबवर नको. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर आधी संरचनात्मक तपासणी, मग बाकी सगळं.

श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून आलेलं अमृतजल इथे उपयोगी पडतं : १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळून पाल्यावर शिंपायचं. पाला लवकर माती होतो.

भाजीची अपेक्षा मात्र खरी ठेवा. माणशी ३०० ग्रॅम धरलं तर २४० माणसांना रोज ७२ किलो भाजी. १०० चौरस मीटर वाफ्यांतून चांगल्या काळजीने दिवसाला सरासरी दोन-तीन किलो निघेल. मिरची, कढीपत्ता, पालेभाजी, अळू, पुदिना, गवती चहा लावा. कांदे-बटाटे तिथे लावून जागा घालवू नका. भाजी थेट शेतकऱ्यांकडून आणायचा रस्ता २०१६ पासून मोकळा आहे. त्या वर्षी फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून वगळल्या. जुन्नर, नाशिककडच्या शेतकरी गटाशी आठवड्याला ठरावीक वजनाची टोपली ठरवा, भाजी कुठली ते त्यांच्यावर सोडा. "टोमॅटोच हवेत" म्हणाल तर त्यांना वाशीच्या घाऊक बाजारातून विकत घेऊन पाठवावे लागतील.

सौर : एक किलोवॅटला दहा चौरस मीटर, रोज सरासरी ४ युनिट. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे मिळून ६० युनिट लागत असतील तर १५ किलोवॅट आणि १५० चौरस मीटर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे २ लाख ७० हजार.

कुठे फसतं? एक, स्लॅबला भोकं पाडून खांब रोवतात आणि पुढच्या जुलैत वरच्या मजल्यावर गळती. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारणी करा. ठोकळ्यांचं वजन वाऱ्यावर ठरतं, मुंबईसाठी मानकात सेकंदाला ४४ मीटर वेग धरलेला आहे, तो आकडा कोटेशनमध्ये लिहून मागा. दोन, खाऱ्या हवेत साधा रंगवलेला सांगाडा गंजतो, गरम जस्तलेपन केलेलाच घ्या. तीन, टाकीची सावली. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या साखळीतली सगळी निर्मिती घटते. चार, आणि हे सभेत आधीच सांगा : ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लिफ्ट चालू राहील असं कोणी गृहीत धरलं असेल तर बॅटरी वेगळी घ्यावी लागेल.

कांडप

वर सगळं आलं, पण श्रमाच्या मोलाबद्दल थोडंच आलं. धान्य निवडणं, पिशव्या भरणं, हिशेब जुळवणं ही कामं गुपचूप बायकांवर येतात आणि "सेवा" म्हणून फुकट धरली जातात. दोन वर्षांत त्या थकतात, गट संपतो. मुंबईतच याची दोन उत्तरं सापडतात. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खानावळ चालवणाऱ्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, कारण गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायका वाण्याच्या कर्जात बुडत होत्या. दोन्हीकडे कामाला दर ठरला, मग संस्था टिकली.

तेव्हा वाटपाच्या दिवशी सहा जण, चार तास, आणि तासाला ठरलेला दर. ज्यांना पैसे नकोत त्यांच्या खात्यात तो दर पुढच्या किराण्यातून वजा करा. पाळी सगळ्या घरांना, पुरुषांनाही.

खतावणी

@कांडप, हे पहिल्या उपविधींतच घातलं पाहिजे. मनापासून पटलं.

आता पैशाचं. संस्था सुरू झाली की कोणीतरी म्हणतं, ठेवी घेऊ, व्याज देऊ. थांबा. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानंतर परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी घेणं गुन्हा आहे. भिशीही या कामात आणू नका. त्याऐवजी १० ते २० जणांचे बचत गट करा, ६० कुटुंबांत चार गट. पंचसूत्री जुनीच : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. दरमहा २०० रुपये आणि १५ जण धरले तर वर्षाला ३६,००० होतात. शाळेची फी, दवाखाना, सिलिंडर एवढी निकड त्यातून भागते, आणि गट सहा महिने नीट चालला की बँक जोडणीतून कर्ज मिळू शकतं.

मोठ्या उडीचा धडा कुर्ल्यात आहे. कमानी ट्यूब्ज ही बंद पडलेली कंपनी १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतली. कामगारांनी स्वतःची पुंजी घातली, सुरुवातीची काही वर्षं चांगली गेली, पुढे खेळतं भांडवल अपुरं पडत गेलं. कष्ट आणि एकी असूनही रोकड आटली तर कारखाना थांबतो. म्हणून राखीव निधीला हात लावायचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, असं उपविधींत लिहा.

उपविधी

पुनर्विकासाचा विषय निघणारच, थोडक्यात : ज्या इमारतीत धान्य आणि कचऱ्याचा हिशेब दोन-तीन वर्षं चोख चाललाय, तिथे स्वयंपुनर्विकासाची (बिल्डरशिवाय सोसायटीने स्वतः इमारत नव्याने बांधण्याची) तयारी असते. राज्य सरकारचा १३ सप्टेंबर २०१९ चा शासननिर्णय सवलती देतो. पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती लागते, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. चित्रीकरण करावं लागतं. इतिवृत्त कोणाच्या हाती असेल ते आधी ठरवा. वेगळा धागा काढतो, इथे गर्दी नको.

तिन्हीसांज

सगळ्यांचे आभार. तर मग पहिल्या महिन्यात नेमकं काय मागवावं? साठ घरं एकदम येतील असं वाटत नाही.

गोणपाट

येणार नाहीत, आणि येऊही नयेत. पंधरा घरांनी सुरू करा. पहिल्या महिन्यात चारच जिनसा : जुना तांदूळ १२० किलो, गहू १५० किलो, तूरडाळ ३० किलो, साखर ४५ किलो. एकूण ३४५ किलो, एका खेपेत येतं. तांदूळ आणि गहू गोणीच्या पटीत बसवण्यासाठी मागणी १५० आणि १५० करा, उरलेले ३० किलो तांदूळ कोण घेणार ते आधी लिहून घ्या. साखरेचे उरलेले पाच किलोही तसेच. उरलेला माल कोणाच्या घरी ठेवायचा यावरून पहिलं भांडण होतं.

मागणीपत्रकावर रकाने एवढेच : घर क्रमांक, जिन्नस, किलो, दर, रक्कम, भरल्याची तारीख, मिळालेलं वजन, सही. "मिळालेलं वजन" हा रकाना घेणाऱ्याने स्वतः काट्यावर पाहून भरायचा. वाटप संपलं की त्याच संध्याकाळी खरेदीचं बिल, टेम्पोची पावती आणि घटीचा आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लावा. घट शून्य आली असं लिहू नका, ती शून्य येत नाही.

पागोळी

फळ्याला प्लास्टिकचं आवरण लावा, जिन्याखाली जूनमध्ये ओल येते आणि शाई पसरते.